मे महिन्यात असं हिरवं असतं का?

उत्तम, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. माइक हातात दिला. मी म्हणालो, "उत्तम पेंटर म्हणजे..." आणि पुढं काही बोलताच येईना. खाली बसलो. सगळा मांडव गलबलला. तुझा चुलतभाऊ माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "सरांचा कंठ दाटला. पहिलीपासूनची दोस्ती हाय, सोपं न्हाई."

कंठ बिंठ काही दाटला नव्हता रे. तुझ्या पोरीनं फोटोच्या मागं तुझी सात चित्रं टांगली होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि नजर गेली मधल्या चित्रावर. करंजाची झाडी, खाली कोरडा ओढा, आणि तो हिरवा. माझा असा जळफळाट झाला की जीभच उचलेना. तू फोटोत हार घालून बसलेला, आणि तरीही माझ्यापुढं. माणूस गेल्यावर तरी जरा मागं सरकावं की नाही? पण तुला तेही जमलं नाही.

कार्यक्रम उरकल्यावर सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. तुझी पोरगी आता नर्स झाली, पण बोलताना मान तुझ्यासारखीच वाकडी करते. म्हणाली, "काका, पावसाळ्याच्या आधी हिंगोलीत बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन लावायलोय. आत शिरतानाच भिंतीवर एक कागद लावायचा हाय, बाबांबद्दल. तो तुमी लिहा. बाबांच्या हिरव्याबद्दल तुमच्याएवढं कुणाला ठाऊक हाय?"

मी लगेच हो म्हणालो. मास्तरकी केलेला माणूस, लिहायला सांगितलं की हो म्हणतो. घरी आल्यावर लक्षात आलं की काय कबूल करून बसलोय. तुझ्या हिरव्याबद्दल मला ठाऊक आहे, ते खरंच. पण त्याच्याबद्दल मी जेवढं खोटं बोललोय तेवढं सगळ्या जिल्ह्यात कोणी बोललं नसेल. आता ते खोटं तसंच झाकून ठेवून चार गोड वाक्यं लिहायची, की खरं लिहून भर प्रदर्शनात भिंतीवर स्वतःला टांगून घ्यायचं, एवढाच प्रश्न होता. तीन आठवडे कागद कोरा राहिला.

तू असतास तर म्हणाला असतास, "काय रे सर, एवढा इचार कशाचा करून राहिला?"

मला 'सर' म्हणायला तू चेष्टेत सुरुवात केलीस. मी औरंगाबादहून ड्रॉइंगचा डिप्लोमा करून आलो, हिंगोलीच्या शाळेत लागलो, आणि तू औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर पाट्या रंगवायचं दुकान टाकलंस. पहिल्याच दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून तुला भेटायला आलो तर तू स्टुलावरूनच ओरडलास, "या सर, बसा सर, चहा घेता का सर?" सगळी प्रसादाची दुकानं हसली. मग ते नाव चिकटलं. गंमत म्हणजे 'सर' म्हणायचास आणि 'तू' करायचास. "सर, तू येडा हायेस." असं जगात दुसऱ्या कोणीच मला म्हटलं नाही. म्हणणारा गेला, आता मी नुसताच सर उरलो.

लहानपणी शिरडच्या शाळेत असतानाही तू माझ्या पुढंच होतास. गुरुजींनी पाटीवर बैल काढायला सांगितला की माझा बैल हुबेहूब. शिंगं, वशिंड, खूर, सगळं जागच्या जागी. तुझ्या बैलाचा एक पाय आखूड. पण गुरुजी तुझी पाटी उचलून म्हणायचे, "हा बघा, हा आत्ता उठंल." माझा बैल बसूनच राहायचा. सात वर्षांचा होतो मी, आणि तेव्हापासून तुझा हेवा करतोय. एवढं एकच काम मी आयुष्यभर न चुकता केलं.

तुझ्या दुकानातला तो खेळ तर मला अजून आठवतो आणि अजून राग येतो. कुणी ट्रॅक्टर घेऊन यायचा. मडगार्डावर कुठंतरी रंग उडालेला. "पेंटर, तेवढाच डाग भरून द्या, सारखा दिसला पाहिजे." तू डबे उघडायचास. पिवळ्यात जरासा काळा, त्यात पाटीचा निळा काडीच्या टोकानं. ढवळायचास, बोटभर लावायचास, वाळू द्यायचास. मग पंचा खांद्यावर टाकून मला हाक मारायचास.

"सर, ये हिकडं. सांग, कुठं लावलाय?"

मी वाकून बघायचो. उन्हात बघायचो, सावलीत बघायचो, चष्मा काढून बघायचो. डिप्लोमावाला माणूस मी, आणि मला डाग सापडायचा नाही. तू टाळी वाजवायचास. "दिसंना झालं की जुळलं. एवढंच असतंय रंगाचं."

तुझ्या दुकानात हिरव्याचा डबा कधीच नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माझ्याकडं हिरव्याच्या सात ट्यूब होत्या, नावं छापलेल्या. मी त्यातला एक उचलायचो आणि झाडाला लावायचो. तू प्रत्येक वेळी हिरवा नव्यानं करायचास. मी एकदा विचारलं, "डबा आणून ठेव ना एक, कशाला एवढी तकलीफ?" तू म्हणालास, "डब्यातला हिरवा डब्याचा असतोय. झाडाचा न्हाई." हे बोलून तू विडी पेटवलीस आणि मी तिथंच तुला मनात शिव्या दिल्या.

मग तू ती चित्रं काढायला लागलास. पाट्या सकाळी लवकर उरकायच्या आणि सायकलवर हार्डबोर्ड बांधून डोंगराकडं जायचं. पावसाळ्यात नाही, हिवाळ्यात नाही. चैत्र-वैशाखात. सगळं गाव म्हणायचं, याचं डोकं फिरलंय. उन्हाळ्यात आपल्या डोंगरावर काय असतं? सागाचे खराटे. पायाखाली वाळलेली पानं पापडासारखी वाजतात. वणवा लागून गेलेले काळे पट्टे. चित्र काढायचं तर भादव्यात काढावं, तेव्हा कुणीही हिरवं काढतो.

पण तुला आणि मला ठाऊक होतं. आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. डोंगराच्या मागच्या अंगाला, जिथं ओढा वळतो, तिथं करंजांची झाडी आहे. ऐन उन्हाळ्यात, बाकी सगळं करपलेलं असताना, त्या करंजांना नवी पानं येतात. वाळूत झिरा उकरून पाणी प्यायचं आणि त्या झाडीखाली पालथं पडायचं. मे महिन्याच्या सुट्टीत आपण शेळ्या घेऊन तिथंच असायचो. एकदा तू उताणा पडून वर बघत म्हणालास, "ह्यो रंग खाता आला पाहिजे." मी म्हणालो, "व्हय." मलाही तसंच वाटलं होतं. ते तू बोललास, मी नाही, एवढाच काय तो फरक. पण सगळा फरक तिथंच असतो.

आता ते सांगतो, जे तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं होतं का, हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वी हिंगोलीत जिल्ह्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. त्यातली तीन चित्रं मुंबईला जायची होती. निवडायला आम्ही तिघं: दोघं बाहेरगावचे, तिसरा मी. तुझं चित्र कोपऱ्यात लावलेलं. करंजाची झाडी, भर दुपार. ते दोघं येऊन त्याच्यापुढंच थांबले. बाकी हॉल फिरून आले आणि पुन्हा तिथंच. मी मागं उभा. माझंही एक चित्र त्या प्रदर्शनात होतं, निवडीच्या बाहेर ठेवलेलं, नुसतं मांडायला. त्याच्यापुढून ते दोनदा गेले, थांबले नाहीत.

त्यातले एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडं वळले. "तुम्ही या भागातले ना हो? मे महिन्यात असं हिरवं असतं का तुमच्याकडं?"

एवढाच प्रश्न. उत्तर एका शब्दाचं होतं.

मी म्हणालो, "नाही. हे मनचं आहे. आमच्याकडं उन्हाळ्यात झाडं उघडी असतात."

ते गृहस्थ जरा हळहळले. म्हणाले, "मग निसर्गाचा अभ्यास कच्चा पडला. रंग मात्र काय लावलाय." आणि पुढं गेले. तुझं चित्र मुंबईला गेलं नाही. मी जिना उतरत होतो तेव्हा मला खरंच हलकं वाटत होतं, उत्तम. खोटं कशाला बोलू, आता तरी? एवढं हलकं मला माझं चित्र गाजल्यावरही वाटलं नसतं.

तू निकालाच्या दिवशी दारात उभा होतास. "काहून रे सर, काय चुकलं?" मी मास्तरासारखं घसा खाकरून सांगितलं, "हिरवा चुकला." तू मान वाकडी करून ऐकलंस. चिडला नाहीस. चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू म्हणालास, "जुळला नसंल. पुन्हा बघतो."

पुढच्याच रविवारी तू एस.टी.नं माझ्या घरी आलास. एका हातात चित्र, शर्टाच्या खिशात करंजाचं पान. "सर, लावून बघ." औंढ्याहून हिंगोली, मे महिन्यातली गाडी, खिडकीला झळा. ते कोवळं पान तोवर मरून गेलेलं. मी ते चित्रावर धरलं आणि म्हणालो, "बघ. जुळत नाही." आणि पान खरोखरच जुळत नव्हतं, उत्तम! मी त्या वेळी खोटंसुद्धा बोलत नव्हतो. त्या मळकट, सुकल्या पानाला तुझा हिरवा कसा जुळेल?

दुसऱ्या वर्षी तू पान ओल्या फडक्यात गुंडाळून आणलंस. फडकं वाटेतच वाळलं. तिसऱ्या वर्षी जेवणाचा डबा. डबा उघडला तर पान उकडून निघालेलं, पालेभाजीसारखं. घरात ही म्हणाली, "भावजी, फोडणी देऊ का?" आपण तिघंही पोट धरून हसलो. आणि हसता हसता मी ते काळं पान उचललं, चित्रावर धरलं आणि म्हणालो, "न्हाई रे उत्तम. न्हाई जुळत." तुला समोर बसून सांगता आलं असतं, की येड्या, पान तोडलं की मरतं, चल, झाडापाशी जाऊन बघू. एका वाक्याचं काम होतं. मी तीन उन्हाळे ते वाक्य गिळलं.

चौथ्या वर्षी तू पान आणलं नाहीस. नुसतं चित्र आणलंस. सगळ्या झाडीवरून नवा रंग फिरवलेला. मळकट, शेवाळी, मेलेल्या पानाचा. म्हणालास, "सर, तू म्हणला तसं केलं. ठेव तुला." मी पाहतच राहिलो. सगळ्यात चांगलं चित्र होतं ते तुझं. माझ्याच हातानं मारल्यागत झालं. आणि तरी, काय सांगू, आत कुठंतरी बरंही वाटलं. आता आपण दोघं सारखे झालो, असं वाटलं.

ते चित्र तेव्हापासून माझ्या बैठकीत आहे. येणारा-जाणारा म्हणतो, "छान आहे सर, तुमचंच का?" मी म्हणतो, "एका मित्राचं." तुझं नाव आजवर कोणाला सांगितलं नाही. लोकांना वाटतं, सर विनयानं बोलतात.

आणि आता हेही ऐक. तू रंग फिरवलास तो चित्र फ्रेममध्ये असतानाच. आळशी माणूस, फ्रेम काढली नाहीस. म्हणजे फ्रेमच्या पट्टीखाली चारी बाजूंनी बोटभर जुना रंग तसाच राहिला. मला तो पहिल्याच महिन्यात सापडला. तेव्हापासून, घरात कोणी नसलं की, मी चित्र उतरवतो, मागचे खिळे सरकवतो आणि ती हिरवी कड बघत बसतो. शेजारी रंग कालवतो. पिवळ्यात काळा, काडीच्या टोकानं निळा. किती वर्षं झाली, मला तो हिरवा एकदाही जमला नाही. मग खिळे पुन्हा ठोकायचे, चित्र भिंतीला, आणि मी शाळेत पोरांना शिकवायला. सांग, माझ्यासारखा दळभद्री माणूस पाहिलायस का तू?

तुझं मात्र थांबलं नाही. मला वाटलं होतं, आता तू डोंगराकडं जायचं सोडशील. कुठलं काय. दर उन्हाळ्यात सायकल होतीच, पुढं ती जाऊन मोपेड आली, पण हार्डबोर्ड मागं बांधलेलाच. फक्त मला चित्रं दाखवणं कमी झालं. विचारलं तर "चाललंय आपलं" म्हणायचास आणि विषय बदलायचास. मला वाटायचं, हा खचला. मला वाईट वाटायचं आणि मी तुला धीर द्यायचो! "प्रयत्न करत राहा, उत्तम." असं म्हणालोय मी तुला, तुझ्याच दुकानात, तुझाच चहा पिताना. तू बशीत चहा ओतत म्हणालास, "तू म्हणतोस तर करतो सर." तुझ्या डोळ्यात तेव्हा काय होतं ते मी पाहिलंच नाही. मी चहाकडं बघत होतो.

गेल्या आठवड्यात सुजाता घरी आली. म्हणाली, "काका, लिहिलं का?" मी म्हणालो, "चाललंय." तुझंच उत्तर. तिनं पिशवीतून तीन वह्या काढल्या. शाळेच्या, दोनशे पानी. "हे बाबांच्या पेटीत होतं. आई म्हणली, आता सरांना दे, आता काय हरकत न्हाई."

पहिली वही उघडली. पानावर पान. वहीच्या प्रत्येक पानाला एक करंजाचं पान चिकटवलेलं, वाळून खाकी झालेलं. आणि प्रत्येक वाळक्या पानाच्या मधोमध बोटाएवढा हिरवा डाग. ऑइलपेंटचा. ताजा, ओला वाटावा असा. खाली तुझं पाटीवरचं वळणदार अक्षर: 'वैशाख. सकाळी अकरा. ओढ्याकडची फांदी. टोकाकडून तिसरं.'

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. मग डोक्यात उजेड पडला. तू डोंगरावर बसून पानाला, झाडावर असतानाच, रंग लावत होतास. मडगार्डाला लावायचास तसा. दिसंना होईपर्यंत. डाग दिसेनासा झाला की पान तोडायचं, रंग वाळू द्यायचा, वहीत दाबायचं. पान मेलं, खाकी झालं. रंग तसाच राहिला. म्हणजे प्रत्येक पान साक्षीदार की तुझा हिरवा बरोबर होता. अशी तीन वह्या भरून. आणि त्यातली एकही तू मला दाखवली नाहीस.

"हे मला का नाही दाखवलं यानं?" मी सुजाताला विचारलं. आवाज चढला होता माझा. बघ, मेलेल्या माणसावरही चिडतो मी.

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "आईला विचारा."

मी गयावहिनींना फोन लावला. त्या भाकऱ्या करत होत्या, मागं तव्याचा आवाज येत होता. म्हणाल्या, "भावजी, मीच म्हणले होते त्यास्नी, दाखवा एकदा सरांना, मिटवा त्ये. तर म्हणले, न्हाई गं. सराला समदं दिसतं बराबर. माझ्यापेक्षा पहिलं दिसलं होतं त्याला, आमी लहान असताना. त्याला व्हय म्हणणं होईना, एवढंच. ह्या वह्या त्याच्यापुढं टाकल्या तर त्याला तोंड कुठं लपवावं कळायचं न्हाई. मग तो यायचा बंद होईल, अन् मग मी कुणाला सर म्हणू?"

मी फोन ठेवला. सुजाता समोर. मला रडू यायला पाहिजे होतं, आलं पण. पण आधी काय आलं सांगू? आधी हेवाच आला. च्यायला, म्हणजे मोठेपणातही तूच पुढं! रंगात पुढं, बैलात पुढं, आणि आता माफ करण्यातही. मला साधी माफी मागायलाही जागा ठेवली नाहीस. ती तू आधीच देऊन बसलेला, वीस वर्षं, चहा पाजत.

मग मी पोरीला म्हणालो, "उद्या मला ओढ्याला ने."

ती मोपेड तुझीच. मागं बसून मी पुन्हा त्या वाटेनं गेलो, किती वर्षांनी. डोंगर तसाच, खराट्यासारखा. साग उघडे. पानं पायाखाली वाजत होती आणि घाम डोळ्यांत उतरत होता. सुजाता पुढं, वही छातीशी धरून. ओढ्याचं वळण आलं आणि मी थांबलो. करंजं होती. होती म्हणजे काय, उभी होती, पोपटी, तुकतुकीत, त्या करपलेल्या डोंगराला आपलं काही घेणंदेणं नाही अशी. खाली गळालेली बारीक फुलं. मी सरळ वाळूत बसलो. पोरगी म्हणाली, "काका, चक्कर आली का?" मी म्हणालो, "नाही गं. लाज आली."

आणि तिथं, त्या झाडाखाली, तिला सगळं सांगितलं. ते दोघं परीक्षक, तो प्रश्न, माझं उत्तर. खिशातलं पान, फडक्यातलं पान, डब्यातलं पान. फ्रेमच्या खालची कड. ती ऐकत होती. मध्ये एकदा उठून ओढ्याच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिली, पाठ करून. मला वाटलं, आता ही जाईल, मला इथंच सोडून. बरोबरच केलं असतं तिनं. पण ती परत आली. डोळे लाल होते.

"बाबा किती वेळा उठून बघायचे, काका," ती म्हणाली. "पहिल्या पहिल्यांदा. भिंतीला चित्र लावून घडी घडी उठून बघायचे. आईला विचारायचे, गया, माझे डोळे गेले का गं? तुमच्यामुळं."

"व्हय," मी म्हणालो. "माझ्यामुळं."

तिनं मला मोठ्या मनानं माफ बिफ केलं नाही. बरं झालं. घरात एक तरी माणूस तुझ्यासारखं नाही, म्हणून मला जरा श्वास घेता आला. तिनं फक्त वही उघडली, मागच्या वैशाखाचं चिकटवलेलं पान सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. वहीत खाली तीच ओळ: 'सकाळी अकरा. ओढ्याकडची फांदी. टोकाकडून तिसरं.' तिनं मोबाईलमध्ये वेळ पाहिली. अकराला दहा कमी होते. आम्ही थांबलो.

मग मी ओढ्याकडची फांदी खाली ओढली. टोकाकडून तिसरं पान शोधलं. तोडलं नाही. आणि तुझं वाळकं पान त्याच्यावर धरलं.

खाकी पानाला मधोमध भोक पडलं, उत्तम. बोटाएवढं भोक, आणि त्यातून मागचं जिवंत पान दिसत होतं. मी पान हलवलं, वर केलं, खाली केलं. भोक भोकच. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

सुजाता बाजूनं म्हणाली, अगदी तुझ्यासारखी मान वाकडी करून, "सांगा, कुठं लावलाय?"

मी उन्हात धरलं, सावलीत धरलं. बोट लावून बघितलं, तेव्हा कुठं रंग हाताला लागला.

तर हा कागद. पोरीला दिलाय, आत शिरताना दारातच लावायला. बैठकीतलं चित्रही दिलंय, फ्रेम काढून, म्हणजे चारी बाजूंची कड लोकांना दिसेल. शेजारी वह्या उघड्या ठेवायला सांगितल्यात. मी दारात बसणार आहे, स्टुलावर. हेवा अजून गेलेला नाही. तू मेलास म्हणून तो मरेल असं वाटलं होतं, पण तो धडधाकट आहे. त्याला घेऊनच बसणार आहे. कोणी ना कोणी त्या झाडीपुढं थांबेल, मागं वळेल आणि विचारेल, तुम्ही या भागातले ना हो, मे महिन्यात असं हिरवं असतं का?

व्हय, असतं. मी लहानपणापासून बघत आलोय.